‘कॅन’ नेमकं कधी संपलं? दोन ट्रॅक आणि सोळा ट्रॅकची पार्श्वभूमी

२०२१ सालापासून ‘कॅन’ या जर्मन रॉक बँडच्या जुन्या मैफली एकेक करून बाहेर येऊ लागल्या. आधी श्टुटगार्ट १९७५, त्याच वर्षाअखेर ब्रायटन १९७५, मग कुक्सहाफेन १९७६, पॅरिस १९७३, ॲस्टन १९७७, कील १९७७. या तबकड्यांवरच्या तुकड्यांना नावं नाहीत. ‘आइन्स’, ‘त्स्वाय’, ‘द्राय’ असे नुसते जर्मन आकडे आहेत. एखादी ओळखीची चाल मधूनच डोकं वर काढते आणि आपण ‘अरे, हे तर ते’ म्हणेपर्यंत पुन्हा बुडी मारते. यातल्या बऱ्याच टेपा श्रोत्यांमध्ये बसून चोरून केलेल्या. तेव्हाच्या चाहत्यांच्या कोटांचे खिसे खोल असत, एवढंच म्हणायचं.

हे ऐकताना जुना प्रश्न पुन्हा वर येतो: ‘कॅन’ संपलं कधी? कागदोपत्री उत्तर १९७९. रसिकांचं ठरलेलं उत्तर १९७३, म्हणजे जपानी गायक गेला आणि सगळी मजा गेली. मला दुसरं उत्तर अर्धवट वाटतं आणि पहिलं निरुपयोगी. बँड मोडायला लागला तो १९७५ मध्ये, आणि कुणी सोडून गेल्यामुळे नव्हे, तर स्टुडिओत एक नवं यंत्र आल्यामुळे. हे सगळ्यांना पटत नाही, हे ठाऊक आहे. त्याकडे येतोच.

सुरुवातीचं फार दळण दळत नाही. युद्धानंतरचं पश्चिम जर्मनी, ६८ ची विद्यार्थी चळवळ, ‘तुम्ही तेव्हा काय करत होतात?’ असं आईबापांना विचारणारी पिढी, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. पण त्या चित्रात एक गोष्ट सुटते. १९६८ मध्ये कोलोनमध्ये ज्यांनी हा बँड उभा केला ती काही पोरं नव्हती. कीबोर्डवरचा इर्मिन श्मिट ३१ वर्षांचा, बेस वाजवणारा होल्गर चुकाय आणि ड्रमर याकी लीबेत्साइट प्रत्येकी ३०. फक्त गिटारवाला मिखाएल कारोली विशीतला, आणि तोही चुकायचा विद्यार्थी. श्मिट आणि चुकाय दोघंही प्रयोगशील जर्मन संगीतकार श्टॉकहाउझनच्या हाताखाली शिकलेले. श्मिट तर ऑर्केस्ट्रापुढे उभं राहून संचालन करणारा माणूस; १९६६ मध्ये संचालकांच्या स्पर्धेसाठी न्यूयॉर्कला गेला, तिथे एकच स्वर तासन् तास घोळवणाऱ्या मिनिमल मंडळींच्या नादी लागला आणि स्पर्धा हातची घालवून परत आला. चुकाय शिक्षक होता. रॉकमध्ये काही दम आहे हे त्याला विद्यार्थ्यानं बीटल्सचं एक गाणं ऐकवून पटवलं. सुरुवातीला एक अमेरिकन बासरीवाला-संगीतकारही सोबत होता. गाडी रॉककडे वळतेय हे दिसताच काही महिन्यांत तो बाहेर पडला.

लीबेत्साइट फ्री जॅझमधून आला होता. फ्री जॅझमध्ये सगळं चालायचं, फक्त ताल धरून बसणं चालत नसे, आणि त्याला नेमकं तेच करायचं होतं. एकदा कुणा तारेत असलेल्या माणसानं त्याला बजावलं की ‘तू एकसुरी वाजवायला हवंस’, आणि ते त्यानं मनावर घेतलं, अशी आठवण तो स्वतःच सांगायचा. आपल्याकडे तबलजीनं तासभर ठेका सोडला नाही तर त्याला कुणी एकसुरी म्हणत नाही, उलट दाद देतात. युरोपात मात्र १९६८ ला ही बंडखोरी होती.

नावाची भानगड थोडक्यात. आधी ‘इनर स्पेस’, मग ‘द कॅन’, मग नुसतं ‘कॅन’. इंग्रजीत डबा. कम्युनिझम, अनार्किझम, निहिलिझम या तीन शब्दांची आद्याक्षरं, असा खुलासाही पुढे चिकटला, तो मला ओढूनताणून आणलेला वाटतो. मराठी माणसाला गंमत वाटावी असा अर्थ तुर्की भाषेतला आहे. तुर्कीत हीच तीन अक्षरं ‘जान’ अशी वाचतात आणि अर्थही तोच, फारसीतून तिकडे गेलेला आणि आपल्याकडेही आलेला: जीव, प्राण. १९७२ च्या अल्बमच्या वेष्टनावर भाजीचा डबा आहे आणि त्यावर लिहिलंय ‘एगे बाम्यासी’. म्हणजे एजियन भागातली भेंडी. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार मोठ्या संख्येनं पश्चिम जर्मनीत आले, त्यांच्यामागून त्यांची दुकानं आली, आणि त्या दुकानांत भेंडीचे डबे. जर्मन रॉकच्या सर्वांत नावाजलेल्या अल्बमपैकी एकाचं नाव ‘भेंडी’ आहे, हे मित्रांना सांगून बघा. पहिली प्रतिक्रिया जी येईल तीही बहुधा तोच शब्द असेल.

आता ‘क्राउटरॉक’, म्हणजे त्या काळच्या जर्मन रॉकला पडलेलं नाव. या शब्दाशिवाय चालत नाही आणि तो वापरताना जीभ अडखळते. ‘क्राउट’ म्हणजे कोबी, म्हणजे आंबवलेला कोबी खाणारा. महायुद्धांत इंग्रज-अमेरिकी सैनिकांनी जर्मनांना ठेवलेलं कुत्सित नाव. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी हे लेबल चिकटवलं, असं सरसकट सांगतात. पण १९७१ मध्येच एका जर्मन कंपनीनं अमेरिकी व्यापारी साप्ताहिकातल्या जाहिरातीत हा शब्द आपणहून वापरला होता. तेव्हा ‘साहेबानं नाव ठेवलं’ ही तक्रार पूर्ण खरी नाही. १९७३ ला ‘फाउस्ट’ या जर्मन बँडनं बारा मिनिटांच्या एका वादनाला तेच नाव देऊन सगळ्यांनाच कोपरखळी मारली. ‘कॉस्मिशे मुझिक’ (वैश्विक संगीत) हे पर्यायी नाव सिंथेसायझरवाल्यांना शोभतं, ‘कॅन’ला नाही, यांच्या संगीतात अंतराळ नाही, घामट खोली आहे. आणि ‘प्रोग्रेसिव्ह’? त्या काळात जर्मनीत जे नाचायला सोयीचं नाही ते सगळं ‘प्रोग्रेसिव्ह’च्या कप्प्यात जाई, त्या अर्थानं हेही तिथलेच. पण इंग्लिश प्रोग्रेसिव्हची चर्चमधल्या ऑर्गनची भव्यता, मात्रांच्या कोलांट्या, बोटांची करामत यातलं यांच्याकडे जवळजवळ काहीच नाही. इंग्रज मंडळी गढ्या आणि राजवाड्यांवर गाणी लिहीत होती. हे खऱ्या गढीत राहून वाजवत होते आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ती गढी म्हणजे कोलोनजवळचं नॉर्व्हेनिश. एका कलासंग्राहकानं वर्षभर बिनभाड्यानं जागा दिली. पहिला गायक माल्कम मूनी, मूळचा अमेरिकन शिल्पकार, इथेच गायला लागला. १९६९ चा ‘मॉन्स्टर मूव्ही’ हा अल्बम याच काळातला. त्याची दुसरी बाजू म्हणजे एकच वीस मिनिटांचं गाणं, आणि ते तासन् तास चाललेल्या एकाच वादनातून कापून काढलेलं. मूनीची मनःस्थिती ढासळली आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून तो मायदेशी परतला.

‘कापून काढलेलं’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पुढचा सगळा वाद त्यातून निघतो. बँडकडे दोन ट्रॅकची टेप यंत्रं होती. म्हणजे खोलीत चार-पाच जण जे वाजवतील ते सगळं एकत्र मिसळून दोन पट्ट्यांवर उमटणार. गिटार जोरात झाली तर नंतर कमी करता येत नाही. ड्रम चुकले तर फक्त ड्रम पुसता येत नाहीत; पुसलं तर सगळं जातं. मग काय करायचं? वाजवतानाच सांभाळून घ्यायचं. एकमेकांना ऐकत, आवाज बेताचा ठेवत, दुसऱ्याला जागा देत वाजवायचं. आणि नंतर चुकाय ब्लेड घेऊन बसणार. टेप कापायची रीत अशी: रीळ हातानं पुढेमागे फिरवत नेमका ठोका शोधायचा, तिथे मेणपेन्सिलीनं खूण करायची, पट्टी खाचेत बसवायची, तिरका छेद द्यायचा, दुसऱ्या तुकड्याचं टोक त्याला भिडवायचं आणि वरून चिकटपट्टी. छेद तिरका, कारण सरळ कापलं तर जोडाशी ‘टक’ असा आवाज येतो. तीन तासांतली वीस मिनिटं अशी उरतात. ज्याच्या आडनावातच चूक आहे त्या माणसानं कुणाच्याही चुका पुसल्या नाहीत. चुकांच्या अलीकडून पलीकडे उडी मारली, किंवा चूक चांगली असेल तर तिथेच मुक्काम केला.

ते स्वतः याला ‘इम्प्रोव्हायझेशन’ म्हणायला तयार नसत. जॅझमध्ये एक चाल असते, तिच्यावर प्रत्येकजण पाळीपाळीनं विस्तार करतो. इथे चालही नाही आणि पाळीही नाही. ‘तत्काळ रचना’ हा त्यांचा शब्द. रचनेचं श्रेय आणि पैसा दोन्ही सगळ्यांत समान. पुढे वारसा सांगणारे बँड ढिगानं आले, पण वाटणीचा हा भाग फारसा कुणी उचलला नाही.

मे १९७०, म्युनिक. त्या रात्रीच्या कार्यक्रमाला गायक नाही. चुकाय आणि लीबेत्साइट एका कॅफेबाहेर बसलेत. रस्त्यात विशीचा, लांब केसांचा एक जपानी मुलगा मोठ्यानं काहीतरी आळवतोय, प्रार्थना म्हणावी की आरडाओरडा हे कळू नये असं. चुकाय म्हणाला, हा आपला गायक. लीबेत्साइटला ते खूळ वाटलं. ‘आज रात्री काय करतोयस?’ ‘काही नाही.’ तालीम नाही, गाणं ठरलेलं नाही. डामो सुझुकी त्या रात्री क्लबमध्ये उभा राहिला, आधी पुटपुटला आणि मग असा काही पेटला की बरीचशी मंडळी चिडून निघून गेली. जे थोडे उरले ते खूश होते, असं सांगतात. कथा इतकी गोळीबंद आहे की तिला सांगून सांगून धार आली असणार. पण सुझुकी गायक झाला आणि तालीम न करता झाला, यात शंका नाही.

१९७१ चा ‘टागो मागो’ गढीतलाच. दुहेरी अल्बम काढायला कंपनी राजी नव्हती. बँडचं व्यवहाराचं काम बघणाऱ्या बाईंनी, म्हणजे श्मिटच्या पत्नीनं, तो काढायला लावला. तिसऱ्या बाजूला ‘ऑम्ग्न’ नावाचा सतरा मिनिटांचा गडगडाट आहे. नाव म्हणजे ‘ओम्’चंच एका इंग्रज तंत्रमार्गी गृहस्थानं केलेलं वेडंवाकडं रूप. ओंकाराचं हे काय करून ठेवलंय, असं पहिल्यांदा ऐकताना वाटतं. तिसऱ्यांदा ऐकताना वाटत नाही.

वर्षाच्या शेवटी बिऱ्हाड कोलोनच्या नैर्ऋत्येला वाइलर्सविस्ट गावातल्या एका जुन्या सिनेमा थिएटरात हललं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींवर लष्कराच्या १,५०० जुन्या गाद्या ठोकल्या. त्याच सुमारास ‘सुरी’ नावाच्या एका टीव्ही रहस्यमालिकेचं शीर्षकसंगीत यांच्याकडे आलं. यांनी गाण्याचं नाव ठेवलं ‘स्पून’. सुरीला चमचा. यांत्रिक तालपेटी आणि लीबेत्साइटचे खरे ड्रम एकमेकांत इतके मुरलेत की कुठे यंत्र थांबतं आणि कुठे माणूस सुरू होतो ते सांगता येत नाही. गाणं जर्मनीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, ३,००,००० प्रती खपल्या. फेब्रुवारी १९७२ मध्ये कोलोनच्या स्पोर्ट्‌सहॉलमध्ये त्यांनी फुकट कार्यक्रम ठेवला, दहा हजारांच्या आसपास लोक, मंचावर कसरतवाले आणि गोळे झेलणारे. ‘एगे बाम्यासी’ त्याच वर्षीचा. श्मिट आणि सुझुकी दिवसदिवस बुद्धिबळ खेळत बसल्यानं मजकूर कमी पडला आणि भरीला ‘स्पून’ घालावं लागलं. बुद्धिबळाचे आपल्यावर उपकारच म्हणायचे.

मग १९७३, ‘फ्यूचर डेज’. दुसऱ्या बाजूला पुन्हा वीस मिनिटांचं एकच वादन, पण यावेळी सगळं विरळ, उन्हात वाळत घातल्यासारखं. सुझुकीचा आवाज वाद्यांच्या मागे कुठेतरी. अल्बम आला आणि सुझुकी गेला. लग्न केलं, यहोवाचे साक्षीदार या पंथात शिरला, पुढची दहाएक वर्षं गायला नाही. ‘गायक गेला आणि बँड संपला’ हे उत्तर इथून सुरू होतं.

त्या उत्तरातली अडचण म्हणजे पुढचाच अल्बम. १९७४ चा ‘सून ओव्हर बाबालूमा’ चौघांनीच केला, कारोली आणि श्मिट गायले, कारोलीनं व्हायोलिनही उचललं. दुसरी बाजू ऐका. गायक नाही म्हणून मोकळी राहिलेली जागा कुणी घाईनं भरत नाही. बँड तुटला असता तर इथे कळलं असतं. आणि हा त्यांचा दोन ट्रॅकवरचा शेवटचा अल्बम.

१९७५ मध्ये वाइलर्सविस्टला सोळा ट्रॅकचं यंत्र आलं. यात विक्षिप्त काही नव्हतं. तोवर बाकीचं जग केव्हाच सोळा ट्रॅकवर गेलेलं, करार नव्या कंपन्यांशी झालेला, आणि ‘तुमचा आवाज कच्चा वाटतो’ असं ऐकून घ्यायचा कंटाळा येतोच. सोळा ट्रॅक म्हणजे प्रत्येक वाद्याला स्वतःची पट्टी. ड्रमला चार, बेसला एक, गिटारला दोन, हवं तसं. एकाचं चुकलं तर त्याचीच पट्टी पुसायची, बाकीच्यांनी घरी जायचं. गिटारवाला मंगळवारी येऊन सोमवारच्या ड्रमवर वाजवू शकतो.

आणि तिथेच घात झाला. चुकायनं पुढे अनेकदा बोलून दाखवलं की दोन ट्रॅकच्या काळात एकमेकांना ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सोळा आल्यावर जो तो स्वतःला ऐकू लागला. त्याच्या बोलण्यात स्वतःची जखम मिसळलेली आहे, हे मान्य करायलाच हवं. तोवर तो एकाच वेळी बेस वाजवणारा, ध्वनिमुद्रण करणारा आणि कात्री चालवणारा होता. गाणं कुठून कुठवर हे त्याच्या ब्लेडवर ठरे. सोळा पट्ट्या आल्यावर निवड इतरांच्याही हातात आली, ‘तुझा बेस परत घे’ म्हणता येऊ लागलं. तो वादक म्हणून फार तयारीचा कधीच नव्हता, दोन-तीन स्वर, पण नेमक्या जागी. एकत्र मिसळलेल्या आवाजात ते दोन-तीन स्वर खांबासारखे उभे राहत. वेगळ्या पट्टीवर, सुटे ऐकले की ते नुसतेच दोन-तीन स्वर.

त्या वर्षीचा ‘लँडेड’ ऐका. गिटार लखलखीत आणि सगळ्यांच्या पुढे. प्रत्येक वाद्य स्वच्छ, प्रत्येक वाद्य एकटं. मिक्सिंगचं बरंचसं काम बाहेरच्या स्टुडिओत, बाहेरच्या माणसाकडून झालेलं. पहिली सात वर्षं हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. फक्त शेवटचा तेरा मिनिटांचा तुकडा घरच्या स्टुडिओत पुरा झालेला, आणि त्यात जुना ‘कॅन’ पुन्हा श्वास घेतो. त्याचं नाव ‘अनफिनिश्ड’ असावं याला काय म्हणणार.

दुसरी बाजू मांडायलाच हवी. पहिला आक्षेप असा की ‘फ्यूचर डेज’मध्येही थरावर थर आहेत, एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवताना वरून वाजवायची सोय तेव्हाही होती, तेव्हा ‘सगळं एका दमात’ ही दंतकथाच. हे खरं आहे. पण तेव्हा प्रत्येक नवा थर जुन्यात कायमचा मिसळत असे, मागे फिरायची वाट नव्हती. वेळ घेऊन वाजवणं आणि निर्णय पुढे ढकलणं यात फरक आहे. दुसरा आक्षेप: सोळा ट्रॅकवरच १९७६ चा ‘फ्लो मोशन’ झाला, त्यातलं नाचायचं गाणं ब्रिटनमध्ये २६ व्या क्रमांकावर गेलं, आणि बँडला तिकडे पहिल्यांदा खरा खप मिळाला. हेही खरं, आणि त्या गाण्यावर माझा राग मुळीच नाही. फक्त ते गाणं इतर कुणी केलं असतं तरी चाललं असतं. ‘टागो मागो’तलं ‘हालेलुवा’ इतर कुणी करून दाखवावं. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: यंत्रं माणसांना तोडत नाहीत, आधीच तुटत आलेल्यांना निमित्त देतात. सात वर्षं रोज त्याच चौघांनी एका खोलीत बसायचं, कुणीही पुढारी नाही, कुणाचं नाव मोठं नाही. याचा शीण कधीतरी यायचाच. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. श्टुटगार्टच्या मैफलीची टेप मात्र आहे, पण ती शेवटी.

गायक शोधणं चालूच होतं. एक अमेरिकन लोकगायक काही कार्यक्रम करून गेला, १९७६ मध्ये मलेशियाहून आलेला एक, मग एक इंग्रज. कुणी टिकलं नाही. १९७७ मध्ये दुसऱ्याच प्रकारची माणसं आली. ब्रिटनच्या ‘ट्रॅफिक’ या बँडमधून बेसवर रॉस्को गी आणि तालवाद्यांवर रीबॉप क्वाकू बा. दोघंही पक्के वादक. बेस गीकडे गेल्यावर चुकायनं काय करायचं? त्यानं शॉर्टवेव्ह रेडिओ, टेलिफोन आणि टेपचे तुकडे वाजवायला घेतले. मैफल चालू असताना हा माणूस रेडिओचं बटण फिरवतोय, कुठल्याशा देशातला बातम्या देणारा आवाज गाण्यात घुसतोय. कल्पना जुनीच. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यानं आणि एका सहकाऱ्यानं श्टॉकहाउझनच्या रेडिओ स्टुडिओत रात्री गुपचूप शिरून व्हिएतनामी गाण्याच्या टेपांवर असाच प्रयोग केला होता. पण आता ते इतरांना तालात आलेलं विघ्न वाटलं. १९७८ च्या ‘आउट ऑफ रीच’वर चुकाय कुठेच नाही. पुढे बँडच्या स्वतःच्या कंपनीनं जुने अल्बम नव्यानं काढले तेव्हा हा एक बराच काळ वगळला. आपल्याच लेकराला ओळख न दाखवण्यासारखं. आणि १९७९ च्या शेवटच्या अल्बमला चुकाय परत आला तो वाजवायला नाही, कापायला. हातात पुन्हा तेच ब्लेड. त्या अल्बमवर ओफेनबाखच्या कॅन-कॅन नाचाची धूनही वाजवलीय. नावावरचा विनोद तर आहेच. शिवाय ओफेनबाख जन्मानं कोलोनचा.

त्याच वर्षी चुकायनं एकट्याच्या नावावर ‘मूव्हीज’ काढला. त्यात रेडिओवरून पकडलेले इराणी गायकांचे आवाज आहेत, आणि जे बँडला नको होतं तेच ऐंशीच्या दशकात सगळ्यांना हवं झालं. मूनी परतून झालेला एक पुनर्मीलनाचा अल्बमही आहे, १९८६ मध्ये वाजवलेला, १९८९ मध्ये निघालेला. ऐकायला बरा. त्यापुढे जात नाही.

नंतरची कीर्ती मात्र मूळ कामापेक्षा जास्त वर्षं चाललीय. १९८५ मध्ये मँचेस्टरच्या एका बँडनं सुझुकीच्या नावाचंच गाणं केलं. २००७ मध्ये एका अमेरिकन रॅपरनं ‘भेंडी’तली एक चाल उचलली. सुझुकी स्वतः पुन्हा गाऊ लागला तो वेगळ्याच रीतीनं: जगभर गावोगाव जाऊन तिथल्या अनोळखी वादकांबरोबर, कुठलीही तालीम न करता. म्युनिकचा तो मे महिना त्यानं आयुष्यभर चालवला, असं म्हणता येईल.

२००७ मध्ये वाइलर्सविस्टचा स्टुडिओ, गाद्यांसकट, डच सीमेजवळच्या ग्रोनाऊ गावातल्या रॉक-पॉप संग्रहालयात हलवला गेला. हलवताना कपाटांतून विसरलेल्या टेपा निघाल्या, तीसेक तासांचं संगीत. त्यातून कापून साडेतीन तासांच्या आतला एक संच २०१२ मध्ये आला. ही कापाकापी श्मिटच्या देखरेखीखाली झाली, चुकायच्या नाही, आणि जाणत्या कानांना ते जाणवतं: जोड जास्त सभ्य आहेत. मैफलींची मालिकाही श्मिटच्याच नजरेखालून गेली. कारोली २००१ मध्येच गेला. लीबेत्साइट जानेवारी २०१७ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चुकाय, वाइलर्सविस्टच्या त्या जुन्या थिएटरातच, जिथे तो अखेरपर्यंत राहत होता. सुझुकी ९ फेब्रुवारी २०२४ ला गेला, आणि दोनच आठवड्यांनी त्याचा आवाज असलेली पॅरिसची १९७३ ची मैफल बाजारात आली.

आता श्टुटगार्ट. १९७५, म्हणजे ज्या वर्षी ‘लँडेड’ झाला तेच वर्ष. तेच चौघे, गायक नाही. ‘द्राय’ नावाचा तुकडा अर्ध्या तासाहून मोठा आहे. त्यात कारोलीची गिटार बराच वेळ पुढे धावते आणि मग एका क्षणी लक्षात येतं की ती थांबलीय, कधी थांबली ते कळलंच नाही, कारण श्मिटनं ती जागा घेतलीय आणि चुकायचे ते दोन-तीन स्वर खाली तसेच चालू आहेत. स्टुडिओत पट्टी-पट्टीला वेगळे झालेले हे लोक इथे मंचावर एकमेकांना श्वासागणिक ऐकतात. मंचावर पुसायची सोय नव्हती. आणि श्रोत्यांतून यंत्रानं जे टिपलं, ते सगळं एकत्र मिसळलेलं, जुन्या वाइलर्सविस्टसारखं. ड्रम जरा मागे आहेत, कुणीतरी खोकतो, सुरुवातीला आवाज थोडा दबका. लीबेत्साइटचा ठेका मात्र पहिल्या मात्रेपासून ऐकू येतो.